आधी इंजिन की आधी दात?

अहिल्यानगर जिल्ह्यात चेनसॉचं नवल आता कुणाला राहिलेलं नाही. बांधावरची बाभूळ पाडायला, वादळात रस्त्यावर आडवा झालेला कडुनिंब हटवायला, डाळिंबाची जुनी बाग काढायला पन्नास-साठ सीसीचं मशीन गावोगाव दिसतं. ओंडका मात्र अजूनही ट्रॉलीत चढून वखारीलाच जातो. आता काही जणांना पुढची पायरी खुणावते आहे. सव्वाशे सीसीच्या घरातली मोठी चेनसॉ घ्यायची, तिच्या पात्याला फ्रेम जोडायची आणि झाड पडलं असेल तिथंच फळ्या पाडायच्या. या फ्रेमला जगभर ‘अलास्कन मिल’ म्हणतात.

असं मशीन घरी आलं की पहिला वाद ठरलेला: ते खोक्यातून निघालं तसंच चालवायचं, की आधी उघडून सुधारायचं? पुढचा संवाद याच वादाचा आहे. भाचा राहुरी तालुक्यातला, शेती आणि फर्निचरचं छोटं वर्कशॉप सांभाळणारा. मामांचं नगर शहरात टू-स्ट्रोक गाड्यांचं गॅरेज होतं. कायनेटिकचा कारखाना नगरलाच, त्यामुळे १९७२ साली आलेल्या ५० सीसीच्या लूनाच्या कार्ब्युरेटरवर हात न बसलेला मिस्त्री त्या काळी नगरमध्ये शोधूनही सापडला नसता. दोन्ही माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांची भांडणं खरी आहेत.

भाचा: मामा, मशीन आलं. १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट. पातं न लावताच दहा किलो भरतं. तुमच्या लूनाच्या दुपटीहून मोठं इंजिन! आता सायलेन्सर मोकळा करा, पोर्ट जरा घासा. आरएक्स १०० बाइकवाली पोरं करायची ना, तसं.

मामा: ती पोरं चौकापासून पंपापर्यंत रेस मारायची आणि मग गाडी लावून तासभर चहा प्यायची. तू मशीनला चहा प्यायला कधी थांबवणार, ते आधी सांग.

भाचा: म्हणजे?

मामा: चिरायचंय काय तुला?

भाचा: विहिरीवरचा कडुनिंब वादळात पडलाय. बुंधा तीन फुटांचा, सरळ लांबी दहा फूट. दीड-दीड इंची फळ्या काढायच्यात.

मामा: झाड आडवं कापताना मशीन अर्धा-एक मिनिट ओरडतं, मग तू पुढं सरकतोस, तेवढ्यात त्याला वारा लागतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद काप घेताना ते दहा मिनिटांच्या वर एका दमात फुल रेसवर, फुल लोडवर राहणार. आरएक्सला असा घाट नगर जिल्ह्यात कुठंच नव्हता. त्यामुळे मशीनला तू काहीही कर, माझा एकच प्रश्न राहील: यानं उष्णता कमी होते की वाढते? कमी होत असेल तर कर. वाढत असेल तर ताकदीचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

भाचा: कबूल. याच मापानं शेवटपर्यंत मोजू. पण मग तुम्हीही तेच माप लावायचं, सोयीनं बदलायचं नाही.

मामा: नाही बदलणार. पण त्याआधी मूळ मुद्दा. हा ओंडका वखारीत का नेत नाहीस? चेनसॉचा काप आठ-नऊ मिलिमीटरचा, बँड सॉचा दोन-तीन. तुझ्या दीड इंची दहा फळ्यांना अकरा काप लागणार. नऊ मिलिमीटर धरलेस तर ९९ मिलिमीटर लाकडाचा भुसा, म्हणजे अडीच फळ्या जमिनीवर सांडल्या. बँड सॉनं तेच काम ३३ मिलिमीटरमध्ये होतं, एक फळीही पुरती जात नाही.

भाचा: हिशोब बरोबर आहे, पण अर्धा आहे. तीन फूट जाड, दहा फूट लांब ओला कडुनिंब दोन टनांच्या आसपास भरतो. विहिरीपाशी क्रेन येत नाही, मध्ये ऊस उभा आहे. वखारीत न्यायचा तर ओंडक्याचे तुकडे करावे लागतात, आणि तुकडे केले की टेबलाची एकसंध फळी गेली. मग उरतं काय? सरपणाच्या भावानं वजनावर विकायचा आणि वीटभट्टीत जाळायचा. अडीच फळ्यांचा भुसा परवडला, पण सगळा ओंडका भट्टीत गेलेला नाही परवडत.

मामा: हे पटलं. म्हणजे ओंडका हलवता येत असेल तर वखार, हलत नसेल तर हे मशीन. नियम असा ठेव. हौस म्हणून बाभळीचे वितभर जाडीचे ओंडके यावर चिरत बसू नकोस.

भाचा: ठेवला. आता सायलेन्सर?

मामा: घाई बघा साहेबांची! साखळी कोणती लावलीस?

भाचा: मशीनसोबत आली तीच. नवी कोरी, धारदार.

मामा: ती झाड पाडायची साखळी. तिच्या दाताच्या माथ्याचा कोन तीस अंशांच्या आसपास असतो. लाकूड आडवं तोडायला तो ठीक. तू ओंडक्याच्या लांबीनं पुढं सरकणार, म्हणजे दातासमोर रेषांची टोकं येणार. तिथं तिरका दात एकदा या अंगाला ओढ घेतो, एकदा त्या अंगाला. फळीवर नांगराच्या तासासारखे चरे उठतात, आणि इंजिन लाकूड सोलायच्या ऐवजी लाकडाशी झटापट करतं. चिरायच्या साखळीचा कोन दहा अंशांवर आणायचा. सुरी ठेवून पटाशी हातात घ्यायची, एवढाच फरक.

भाचा: तयार रिपिंग चेन मिळते की.

मामा: मिळाली तर घे. नाही मिळाली तर हीच साखळी घासत घासत दहावर आण. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस आणि कोन दाखवणारा गाइड पुरतो. दोन-तीन धारांत हळूहळू आण, एकदम खाल्लास तर दाताचं निम्मं आयुष्य भुशात जाईल. आणि दातापुढचा तो बुटका खुंट, जो दाताला किती खोल चावायचं ते ठरवतो, तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेव. जास्त नाही. माझ्याकडे फीलर गेज आहे. लूनाचे पॉइंट लावता लावता झिजलंय, पण पट्ट्या अजून खोटं बोलत नाहीत.

भाचा: मी तर ऐकलंय, खुंट आणखी खाली घेतला की मशीन लाकूड खात सुटतं.

मामा: मऊ लाकडात खाईल. वाळलेल्या बाभळीत नाही तर चिंचेत एवढा मोठा घास घेतला की फेऱ्या पडतात, क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच म्हणजे निव्वळ उष्णता. दात बोथट झाला तरी तेच. बोथट दात कापत नाही, घासतो. घासणाऱ्या दातावर तू जोर देतोस. जोर दिलास की पातं तापतं, साखळी ताणते, इंजिन रडतं. मग तू म्हणतोस, मशीनमध्ये दम नाही. दम असतो रे, दाताची धार गेलेली असते.

भाचा: धार किती वेळानं लावायची?

मामा: पेट्रोलची टाकी संपली की धार. मध्ये भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला, किंवा धूर दिसला, तर टाकीची वाट बघू नकोस. चिरताना भुसा आडव्या कापापेक्षा बारीकच पडतो, पण त्यात कण हाताला लागले पाहिजेत.

भाचा: बरं, तुमचा दात मान्य. आता पात्याला तेल. याचा पंप मोठा आहे, पूर्ण उघडून ठेवतो. आणि पात्याच्या टोकाला वेगळी तेलाची बाटली लावणार आहे, थेंब थेंब पडेल अशी. ४१ इंची पातं आहे. पंपाचं तेल सगळ्या पात्याला वळसा घालून टोकाला पोचेपर्यंत किती उरणार?

मामा: हा बदल मला एकदम मंजूर. साखळी टोकाकडून लाकडात शिरते आणि इंजिनाच्या बाजूला बाहेर पडते. म्हणजे टोकावर पडलेला थेंब थेट कापात जातो. यानं घर्षण कमी, उष्णता कमी. शंभर रुपयांची बाटली, नळी आणि छोटा कॉक. सायलेन्सरच्या आधी हे.

भाचा: गॅरेजमधलं जळकं ऑइल वापरतो. फुकट मिळतं.

मामा: अजिबात नाही! त्यात घासलेल्या धातूचा चुरा असतो, तो पात्याच्या खोबणीत कानशीसारखं काम करतो. वर ते तेल उडून तुझ्या अंगावर, नाकात, आणि ज्या फळीवर उद्या जेवणाची ताटं मांडायची तिच्यावर. साखळीचं तेल घे. ते चिकट असतं, उन्हाळ्यात पात्यावर टिकतं. आणि ध्यानात ठेव, तापली की साखळी सैल पडते. तू ताणून घेणार, ते बरोबरच. पण काम संपल्यावर पुन्हा सैल करायला विसरलास तर थंड होताना ती आकसते आणि क्रँकच्या टोकाला ओढून धरते. बेअरिंग रात्रीत बिघडत नाही, पण रोजचा हा ताण त्याला खातो.

भाचा: पेट्रोलमध्ये ऑइल मी जास्त घालणार आहे. कंपनी म्हणते लिटरला २० मिली. मी ४० घालतो. जास्त ऑइल म्हणजे इंजिन थंड.

मामा: नगरमधल्या प्रत्येक लूनावाल्याची हीच समजूत होती. नीट बघ. कार्ब्युरेटरच्या भोकातून एका वेळी ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढवलंस की पेट्रोल तेवढं घटलं. हवा तेवढीच, पेट्रोल कमी, म्हणजे मिक्स्चर लीन झालं. लीन म्हणजे जास्त गरम. ऑइल वाढवायचंच असेल तर २५ मिलीपर्यंत जा, आणि त्याबरोबर स्क्रू उघडून पेट्रोल वाढव. चांगलं ऑइल आणि बरोबर माप यापेक्षा मोठी युक्ती नाही.

भाचा: पण आता पेट्रोल तरी कुठं पूर्वीचं राहिलंय? वीस टक्के इथेनॉल.

मामा: तेही आपल्याच जिल्ह्याचं असेल! प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची चिमणी पेटली तेव्हा कुणाला वाटलं असेल, की उसाची मळी पुढं चेनसॉच्या पिस्टनचं नशीब ठरवेल? इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर मिक्स्चर आणखी लीन होतं. वर ते हवेतलं पाणी ओढतं. डब्यात पडून राहिलेल्या मिश्रणात पाणी जास्त झालं, की वर पेट्रोल आणि तळाशी पाणी-इथेनॉल. मशीनच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा दिलेली असते, ती वाच. मिश्रण आठवड्याला पुरेल एवढंच कर आणि काम संपलं की टाकी रिकामी करून ठेव. आतल्या रबरी नळ्या आणि पडदे वाचतील.

भाचा: म्हणजे स्क्रूला हात लावायलाच हवा. मग मशीन ‘कंपनीनं दिलं तसं’ कुठं राहिलं?

मामा: नाही राहिलं. मी कधी म्हटलं तसंच ठेव? उष्णता कमी करणारा बदल कर, एवढंच म्हटलं. फुल रेसचा स्क्रू थोडा रिचकडे, म्हणजे जास्त पेट्रोलकडे, घे. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिली की आवाज जरा फुटला पाहिजे, बुरबुरला पाहिजे. लाकडात शिरला की साफ झाला पाहिजे. लाकडाबाहेरच आवाज चाकूसारखा स्वच्छ येत असेल, तर समज लीन आहे. मग प्लग काढून बघ. पांढरा म्हणजे धोका, चॉकलेटी म्हणजे ठीक, काळा ओला म्हणजे जरा जास्तच रिच.

भाचा: मी टॅकोमीटर आणलाय. कानाचा भरवसा कशाला?

मामा: टॅकोमीटर वापर, चांगला आहे. पुस्तकातल्या कमाल फेऱ्यांच्या थोडं खाली ठेव. पण तो आकडा आजच्या हवेचा. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच. मे महिन्यात चाळीस अंशांत हवा विरळ असते, तेव्हा लावलेला स्क्रू डिसेंबरच्या पहाटे लीन ठरतो, कारण थंड हवा दाट असते. मीटर तू खिशात ठेवशील, कान डोक्यालाच असतो.

भाचा: कानाला मी मफ लावणार आहे, मामा. मशीन शंभर डेसिबलच्या वर ओरडतं.

मामा: लाव, लाव. मीही लावला असता तर आज तुझी मामी दोनदा हाक मारायची राहिली असती.

भाचा: आता बोलू सायलेन्सरवर. कसोटी तुमचीच. कंपनीच्या सायलेन्सरचं तोंड लहान असतं. जळालेला वायू कोंडतो, तो सिलिंडरच्या तोंडाशीच तापत राहतो. मी तोंड मोठं केलं, दुसरं भोक पाडलं, तर उष्णता बाहेर जाईल. उष्णता कमी, म्हणजे तुमच्याच मापानं बदल मंजूर.

मामा: वकील झाला असतास! बरं, अर्धं बरोबर बोललास. गॅरेजमध्ये लूनाचा सायलेन्सर काजळीनं तुंबून यायचा. जाळून मोकळा केला की गाडी पळायची आणि कमी तापायची, हे मी स्वतः केलंय. पण मोकळा सायलेन्सर इंजिनातून जास्त हवा ओढवतो. पेट्रोल त्या मानानं वाढवलं नाहीस, तर कमी केलेली उष्णता लीन मिक्स्चरमधून दुपटीनं आत येते. स्क्रूला कंपनीनं टोपी घालून फिरण्याची मर्यादा ठेवली असेल, तर तुला हवं तेवढं पेट्रोल मिळणारच नाही. म्हणजे भोक पाडायच्या आधी बघायचं, की स्क्रूला जागा आहे का.

भाचा: आहे.

मामा: मग दुसरी गोष्ट. आतली जाळी काढू नकोस. ती ठिणग्या अडवते. एप्रिलमध्ये आपल्याकडचं कुसळी गवत कसं पेटतं ते तुला सांगायला नको. तिसरी गोष्ट, भोकाचं तोंड ओंडक्याकडे किंवा मिलच्या फ्रेमकडे वळवू नकोस, गरम झोत तिथंच कोंडेल. आणि चौथी, कंपनीची वॉरंटी संपली असं धरून चाल. एवढं करूनही मिळणार काय? थोडी जास्त ताकद, थोडा कमी ताप, आणि गावाला ऐकू जाईल असा आवाज.

भाचा: म्हणजे मंजूर?

मामा: मंजूर, पण आज नाही. नवं इंजिन. पिस्टनच्या रिंग अजून सिलिंडरला बसलेल्या नाहीत. पहिल्या काही टाक्या साधी तोडणी कर. फांद्या काप, सरपण काप, लाकडाबाहेर उगीच फुल रेस देऊ नकोस. नव्या मशीनला पहिल्याच दिवशी दहा मिनिटांचा काप म्हणजे सून घरात आली आणि तिच्यापुढं पाचशे माणसांचा स्वयंपाक ठेवला.

भाचा: पोर्टिंग?

मामा: ते सोडून दे. पोर्टिंगनं ताकद वरच्या फेऱ्यांत जाते. तुला खालून ओढणारी ताकद हवी, कारण साखळी तीन फूट रुंद लाकडातून ओढायचीय. आणि पोर्ट एकदा घासला की परत भरता येत नाही. सायलेन्सरचं भोक वेल्डिंगनं बुजतं.

भाचा: थ्रॉटल? दहा मिनिटं ट्रिगर दाबून बोट बधिर होतं. मी तारेचा एक आकडा केलाय, ट्रिगर दाबून अडकवायचा.

मामा: तो आकडा माझ्यासमोर मोडून टाक. पाय घसरला, पाचर निसटली, साखळी तुटली, तर माणसाचं बोट आपोआप सुटतं. तारेचं सुटत नाही.

भाचा: मग उपाय काय? दहा किलोचं इंजिन, वर पातं, फ्रेम, तेलाची बाटली. वाकून ढकलत राहायचं, धूर नाकात, भुसा सगळा इंजिनाच्या अंगानं म्हणजे माझ्याच अंगावर.

मामा: ओंडका उताराला लाव. एक टोक वीतभर उंच कर, मिल आपल्या वजनानं खाली सरकेल.

भाचा: त्याहून बरं सांगतो. ओंडक्याच्या पुढच्या टोकाला छोटी हातविंच ठोकायची, दोरी मिलच्या फ्रेमला बांधायची आणि बसून हळूहळू फिरवायची. ओढ सरळ रेषेत येते, ढकलण्याचा झटका नाही. दात ठरावीक वेगानं खातो.

मामा: (थोडं थांबून) हे मला सुचलं नव्हतं. हात कमी थरथरणार, कामही एकसारखं होणार. पण मग ट्रिगर कोण धरणार?

भाचा: दुसरा माणूस. मशीनशी एक, विंचवर एक.

मामा: पूर्वी दोन करवत्ये असेच बसायचे. एक खड्ड्यात, एक वर, मध्ये मोठी करवत. वरच्याच्या डोळ्यात ऊन, खालच्याच्या डोळ्यात भुसा. दोन माणसांचं काम दोन माणसांचंच राहू दे. विंच मंजूर. एअर फिल्टर मात्र प्रत्येक कापानंतर झटक, कारण भुसा तिकडंच जातो. तुंबलेला फिल्टर हवा अडवतो, तुझं सगळं सेटिंग फिसकटतं.

भाचा: आता पहिला काप. ओंडका गोल, मिलला सपाटी कुठून द्यायची?

मामा: ॲल्युमिनियमची शिडी आहे ना? ओंडक्यावर लांबीनं ठेव, दोन्ही टोकांना फळीचे तुकडे स्क्रूनं बसव, वर शिडी घट्ट कर. दोन्ही टोकांना गवंड्याची पाणसळ लाव, शिडीला पीळ राहता कामा नये. मधे शिडी वाकत असेल तर खाली पाचर. मिल त्या शिडीवरून सरकली की पहिला काप सपाट. पुढचे सगळे काप त्या सपाटीवरूनच. पहिल्या कापात दोन मिलिमीटरचा पीळ राहिला तर तो शेवटच्या फळीपर्यंत जातो.

भाचा: पातं ४१ इंची. फ्रेमच्या पकडीत चार-पाच इंच जाणार, उरले छत्तीस. बुंध्याला मुळाकडचे फुगवटे आहेत, ते आधी हातानंच तासून घेतो. कापाच्या मागं पाचरी ठोकत जाईन, म्हणजे वरची फळी पात्यावर बसणार नाही.

मामा: शहाणा आहेस. खिळे बघितलेस?

भाचा: कडुनिंबात खिळे?

मामा: लेका, विहिरीवरचा कडुनिंब! त्याला बैल बांधले, मोटारीची वायर ठोकली, निवडणुकीचे फलक ठोकले, कुणी काटेरी तार गुंडाळली आणि साल तिच्यावरून वाढली. एक खिळा अख्ख्या साखळीची धार घालवतो. मेटल डिटेक्टर भाड्यानं आण. जिथं लाकडात निळसर काळा डाग दिसतो, तिथं लोखंड जवळ असतं.

भाचा: आणि फळ्या निघाल्यावर?

मामा: तिथंच माणसं नडतात. आपल्या जिल्ह्यातली हवा कोरडी, ऊन कडक. ओल्या फळ्या उन्हात टाकल्यास की टोकाकडून संध्याकाळपर्यंत उलायला लागतात. फळी निघाली की टोकांना लगेच ऑइल पेंट किंवा मेण. सावलीत रचून ठेव, दोन फळ्यांत सारख्या जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, वर वजन. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब. दीड इंची फळी म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्याही पुढं. बाभळीची पांढरी बाजू असेल तर तिला भुंगा लागतो, म्हणून जुने सुतार ते लाकूड कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवायचे.

भाचा: गावातले म्हणतात, पोरानं मशीन आणलं, आता झाडं राहणार नाहीत. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार याच जिल्ह्यातली, कुऱ्हाडबंदी पाळून नाव कमावलेली. मला कुऱ्हाडीची नाही, करवतीची परवानगी हवीय. पडलेलं झाड जाळण्यापेक्षा त्याचं टेबल झालं तर त्यात वाईट काय?

मामा: वाईट काही नाही, पण लोकांची शंकाही चुकीची नाही. मशीन हातात असलं की उभं झाडही ‘पडणारच आहे’ असं वाटायला लागतं. आणि कायदा तोडायला आणि चिरायला, दोन्हींना आहे. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग, चंदन आहेत. ती स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडायची नाहीत. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा. चिरण्याच्या धंद्यावर तर सर्वोच्च न्यायालयाचं २००२ पासून लक्ष आहे, विनापरवाना सॉ मिल उघडायला मनाई आहे. घरच्या एका कडुनिंबाची गोष्ट वेगळी. पण उद्या शेजाऱ्याचा ओंडका पैसे घेऊन चिरायला गेलास, तर आधी वनक्षेत्रपालांकडे लेखी विचार. मशीन फिरतं आहे म्हणून ते सॉ मिल नाही, हा युक्तिवाद तू कर, मी करणार नाही.

भाचा: ते विचारतो. तर मामा, हिशोब जुळवू. आज साखळीचा कोन दहावर, खुंट ०.६५ वर. टोकाला तेलाची बाटली. ताजं मिश्रण, स्क्रू जरा रिच. पहिल्या काही टाक्या साधी तोडणी. मग शिडी, पाणसळ, विंच. तारेचा आकडा मोडला. सायलेन्सर मात्र राहिला.

मामा: राहिला नाही, रांगेत शेवटी उभा आहे. पहिला ओंडका आहे तशाच सायलेन्सरवर चीर. काप किती वेळात झाला ते लिहून ठेव. मग भोक पाड, स्क्रू लाव, आणि तसल्याच रुंदीचा काप पुन्हा घे. वेळ खरंच वाचला तर मी हरलो. न मोजता ‘लई पळतंय’ म्हणणारी आरएक्सवाली पोरं मी भरपूर बघितलीत.

भाचा: आणि पहिल्याच ओंडक्यात दम कमी पडला तर?

मामा: तर मी विचारीन, कानस कुठं आहे?

भाचा: आणि धार लावूनही कमी पडला तर?

मामा: तर ड्रिल घेऊन मी येतो.